सोडियमचा राखणदार

समुद्र कोणत्या दिवशी किती वाजता घरात येणार, हे करांगसगोरोच्या माणसांना पाठ असतं. दुपारच्या भरतीला पाणी आधी गटारातून वर येतं, मग अंगणात पसरतं, मग उंबरा ओलांडून आत. कोणी आरडाओरडा करत नाही. बायका गादी टेबलावर टाकतात, गॅसचं सिलिंडर बाकड्यावर चढवतात आणि पाय वर घेऊन चहा पीत बसतात. दोन-तीन तासांनी पाणी आल्या वाटेने गेलं की खराट्याने चिखल बाहेर काढायचा आणि संध्याकाळच्या भाताला लागायचं. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरची ही गावं अशीच. समुद्राला पाहुणा म्हणणंही त्यांनी आता सोडून दिलंय.

सारा गाव असा निवांत असताना एकच माणूस विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून घराबाहेर पडायचा. पाक कस्वादी. इथे मोठ्या माणसाला पाक म्हणतात आणि बाईला बू. गावच्या शाळेची प्रयोगशाळा सांभाळण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, निवृत्त होऊन नऊ झाली, तरी भरती आली की ते शाळेकडे निघालेच. प्रयोगशाळेत समुद्राकडच्या कोपऱ्यात स्टूल ओढायचं आणि पाणी उतरेपर्यंत फरशीकडे टक लावून बसायचं. गाव म्हणायचं, "शाळेवर काय जीव आहे बघा माणसाचा!" त्यांची बायको बू मुर्तिनी (दोघं घरात एकमेकांना पाकने-बूने म्हणत) म्हणायची, "पाकने, लग्न माझ्याशी लावलंत की त्या बाटल्यांशी?" पाक कस्वादी विजार आणखी एक घडी वर घ्यायचे आणि निघायचे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

त्या मे महिन्यात एका सकाळी शाळेच्या मुख्याध्यापिका बू रोह्याती त्यांच्या घरी आल्या. एकेकाळी याच शाळेत दोन वेण्या घालून येणारी ही मुलगी. पुढे रसायनशास्त्र शिकली, इथेच शिकवायला लागली आणि आता शाळा चालवत होती. हातात केळीच्या पानात उकडलेल्या वड्या होत्या, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"पाक, दोन बातम्या आहेत. दोन्ही चांगल्या."

"बसा, बू. आधी चहा घ्या."

"पहिली म्हणजे, प्रयोगशाळेत आता पंप बसणार. पाणी साठलं की आपोआप बाहेर. समुद्राकडच्या कोपऱ्यात दीड मीटरचा खड्डा घेतोय. आपला तोहिर गवंडी उद्यापासून कामाला लागतोय. आणि दुसरी..."

दुसरी बातमी पाक कस्वादींच्या कानावरून गेली. प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी रंगवून झाली होती, शनिवारी कार्यक्रम होता. बू मुर्तिनी आतून धावत आली, तिने ओढणीने डोळे पुसले, रोह्यातीबाईंचे दोन्ही हात धरले. पाक कस्वादी मात्र हातातल्या वडीकडे बघत बसले होते. समुद्राकडचा कोपरा. दीड मीटर. 

त्या कोपऱ्यात, फरशीखाली, सोडियम होतं.

ते तिथे गेलं कसं, याची गोष्ट आता सांगायलाच हवी. हा धातू मोठा तऱ्हेवाईक. सुरीने लोण्यासारखा कापता येतो. कापला की आत चांदीसारखा चकाकतो, आणि ती चकाकी डोळ्यांदेखत काळवंडते, कारण याला हवासुद्धा सोसत नाही. रॉकेलमध्ये बुडवून ठेवला तर वर्षानुवर्षं गरीब गाईसारखा पडून राहील. पाणी लागलं की मात्र संपलं. फुसफुसतो, तापतो, वितळून गोळी होते, जळणारा वायू सोडतो. दाण्याएवढा असेल तर गंमत आणि मुठीएवढा असेल तर स्फोट. वर जो द्रव उरतो तो कातडी आणि डोळे खाऊन टाकतो. आग लागलीच तर पाणी मारायची सोय नाही, फक्त कोरडी वाळू. पाक कस्वादी पोरांना सांगायचे, "मिठागरात तुमचे बाप जे गोळा करतात ना, त्यातही हाच आहे. तिथे क्लोरिनबरोबर संसार थाटलाय म्हणून निवळलाय. मोठ्या रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांतही हाच. फक्त एकटा सापडला की याच्या वाटेला जाऊ नका."

कुठल्याशा शाळेत आग लागल्यावर वरून सूचना आली होती, की सोडियम वेगळं ठेवा, भोवती वाळू ठेवा. पाक कस्वादी कामाला वाघ. त्यांनी कोपऱ्यात फरशी उचकटून हातभर खोल सिमेंटची पेटी बांधून घेतली, तिच्यात कढईत भाजून घेतलेली वाळू भरली, मधोमध पत्र्याचा डबा, डब्यात काचेची बरणी, बरणीत रॉकेल आणि रॉकेलमध्ये मिळून शंभर ग्रॅमचे चार तुकडे. वर सिमेंटचं झाकण. तेव्हा समुद्र मत्स्यतळ्यांच्या पलीकडे होता. कोणाला वाटलं होतं तो चालत येईल?

तो आला. शाळेच्या अंगणात पाणी लागायला लागलं, तसं तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ठरवलं की जमीन उंच करायची. त्या वर्षी ईदच्या सुट्टीत पाक कस्वादी बायकोच्या माहेरी लासेमला गेले होते. पंधरा दिवसांनी परतले तर प्रयोगशाळेत हातभर मुरूम भरून वर नवी पांढरी फरशी लखलखत होती. पालकांनी वर्गणी काढली होती. शुभकार्याला करतात तो पिवळ्या भाताचा शंकू कापायचा होता तो फक्त त्यांच्यासाठी थांबला होता. मुख्याध्यापकांनी पहिलं ताट त्यांच्याच हातात दिलं. "घ्या पाक, आता तुमची एक बाटली भिजायची नाही!"

तोंडात भाताचा घास. समोर पन्नास हसरे चेहरे. अशा वेळी कोणता जावानीज माणूस म्हणेल, की साहेब, ही फरशी फोडा? साहेबांना तोंडघशी पाडायचं, पालकांना पाडायचं? उद्या एकटे गाठून सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्याचा परवा झाला. पुढच्या महिन्यात अकरावीच्या वर्गात एका मुलीने हात वर केला, "पाक, सोडियम दाखवा ना." त्यांच्या तोंडून निघून गेलं, "संपलं." एकदा संपलं म्हटल्यावर ते पुन्हा आहे कसं म्हणणार? काही वर्षांनी आणखी अर्धा मीटर भर पडली आणि विषय आणखी अर्धा मीटर खाली गेला. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. पण मूठ झाकून झोप थोडीच लागते? पाणी पेटीत शिरलं असेल का, डबा गंजला असेल का, बरणी तडकली असेल का... बावीस वर्षं प्रत्येक भरतीला हा माणूस कोपऱ्यात बसून फरशी फुगतेय का ते बघत होता. मोठ्या रस्त्यावरचे पिवळे दिवे लागले तरी तो मान फिरवायचा.

आणि गाव त्याला प्रेम म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रयोगशाळेत पोचले तेव्हा तोहिर फरशीवर कोळशाने चौकोन आखत होता. तिशीतला गडी, दंड मांडीएवढे, बोलणं मात्र लाजऱ्या नवरीसारखं. शेजारच्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला. पाक कस्वादींनी चौकोनाकडे बघितलं. नेमका. बोटभरही इकडेतिकडे नाही.

"मास तोहिर," दादा म्हणावं तसं ते म्हणाले, "इथे नको खणूस."

"का हो, पाक?"

आता खरं सांगायचं होतं. शब्द गळ्यापर्यंत आलेही होते. पण तेवढ्यात त्यांची नजर भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाटीवर गेली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, त्यांचंच नाव. गळ्यापर्यंत आलेलं गिळून ते म्हणाले, "इथे... आहे."

"काय आहे?"

"आहे. पूर्वीपासून आहे."

तोहिरने कोळसा खाली ठेवला. आवाज एकदम उतरला. "म्हणजे राखणदार?"

पाक कस्वादी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. नुसती मान कुठेतरी हलली.

"बाई की बुवा?"

"मला काय ठाऊक!"

"तरीच!" तोहिरचे डोळे विस्फारले. "तरीच तुम्ही भरतीला इथे येऊन बसता! एकटं पडू नये म्हणून. आम्ही आपलं म्हणायचो, पाकना घरी बू रागावतात म्हणून येतात."

"म्हणून म्हणतो, दुसऱ्या कोपऱ्यात खण. तो कोपरा चांगला आहे."

"बरं झालं सांगितलंत. मी बघतो सगळं. तुम्ही काळजीच करू नका, पाक." तोहिर दोन्ही हात जोडून वाकला. पाक कस्वादी घरी परतले ते हलक्या पावलांनी. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटून त्या दुपारी त्यांनी भाताबरोबर तळलेले मासे चक्क दोनदा मागून घेतले. बू मुर्तिनीला वाटलं, पाटीचा आनंद.

सदुसष्ट वर्षं जावात काढलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं, की राखणदार आहे म्हटल्यावर इथे कोणी जागा बदलत नाही. त्याची परवानगी मागतात.

दुसऱ्या दिवशी, दीड वाजला असेल, बू मुर्तिनी मागल्या दारी उभी राहून म्हणाली, "पाकने, मोगरा सगळा ओरबाडून नेला हो तोहिरच्या बायकोने. गुलाब पण."

"कशाला?"

"तुमच्या त्या राखणदाराला. बादलीभर पाण्यात फुलं घालून खड्ड्यात ओतणार आहेत. तोहिर म्हणाला म्हणे, पाक कस्वादींनी स्वतः सांगितलंय. मला एका शब्दाने बोलला नाहीत ते! इतकी वर्षं मी तिथे डबा घेऊन येते, मला काही झालं असतं तर?"

पाक कस्वादींच्या तोंडचं पाणी पळालं. चपला न घालताच ते निघाले. गुडघे कुरकुरत होते, तळव्याला शिंपल्या टोचत होत्या, गटारातून भरतीचं पाणी नुकतं डोकवायला लागलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. न बोलता बसलो असतो तर फक्त खड्डा खणला गेला असता. मी बोललो आणि वरून पाणी मागवलं!

प्रयोगशाळेच्या दारात पोरांची गर्दी होती. ती कोपराने बाजूला सारत ते आत घुसले. खड्डा कमरेच्या वर खोल झाला होता. तोहिर त्यात उभा होता आणि त्याच्या पायाखाली सिमेंटचं चौकोनी झाकण उघडं पडलं होतं. त्याचा एक कोपरा पहारीने फुटला होता. काठावर राखणदारासाठी कडू कॉफीचा पेला, पेटवलेली सिगरेट, केळी. रोह्यातीबाई हात बांधून उभ्या होत्या. त्यांचा विश्वास नव्हता, पण गवंड्याचा होता आणि गवंडी मिळत नव्हते. तोहिरने दुवा संपवली, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि काठावरची बादली उचलली. पाण्यावर मोगरा गरगरत होता.

"थांब!"

पाक कस्वादी बादलीवर अक्षरशः आडवे पडले. बादली त्यांनी छातीशी धरली, निम्मं पाणी त्यांच्याच सदऱ्यावर सांडलं, कानावर गुलाबाची पाकळी चिकटली. पोरं हसली. मग त्यांचा चेहरा बघून गप्प झाली.

"पाणी नको," ते धापा टाकत म्हणाले. "एक थेंब नको. तिथे राखणदार बिखणदार कोणी नाही. खाली सोडियम आहे. मी ठेवलंय."

 तोहिरने हळूच खाली बघितलं.

"मी आत्ता त्याच्यावर उभा आहे?"

"हो."

"मग बाहेर येऊ?"

"ये. हळू ये. उडी मारू नकोस."

तोहिर मांजरीसारखा वर आला. रोह्यातीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गातला होता. "किती?"

"शंभर ग्रॅम. चार तुकडे."

"कशात?"

"काचेची बरणी. बाहेर पत्र्याचा डबा. भोवती वाळू."

"रॉकेल?"

"तोंडापर्यंत होतं. तेव्हा."

"तेव्हा म्हणजे कधी, पाक?"

"तू अकरावीत होतीस," पाक कस्वादी म्हणाले. मुख्याध्यापिकेला अहो-जाहो करायचं भान उरलं नव्हतं. "तू हात वर केला होतास. मी म्हणालो संपलं. खोटं बोललो, पोरी. भाताचा घास तोंडात होता म्हणून गप्प बसलो, आणि मग बावीस वर्षं गप्प बसलो. तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी प्रेमापोटी इथे येऊन बसायचो. मी घाबरून बसायचो. मला लाज वाटते. ती पाटी पुसून टाक."

रोह्यातीबाईंनी पाटीकडे बघितलंच नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "भरती तीनला आहे. फुटलेल्या कोपऱ्यातून पाणी आत जाणार. आज काढायलाच हवं." मग त्या अशा काही हलल्या, की पाक कस्वादींना त्या दोन वेण्या आठवल्या. पोरं मैदानापलीकडे. दोघा शिक्षकांना मोटरसायकलवर मोठ्या गावी पिटाळलं, शुद्ध अल्कोहोलच्या पाच बाटल्या आणायला. तोहिरला सिमेंटच्या गोणीइतकी कोरडी वाळू काठावर रचायला लावली. स्वतः कपाटातून चष्मे आणि हातमोजे काढले.

"मी उतरतो," पाक कस्वादी म्हणाले.

"तुम्ही निथळताय, पाक. ओल्या अंगाने त्याच्याजवळ जायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

खरंच होतं. त्यांनी सदरा काढला, पडद्याला अंग पुसलं, केसांतल्या पाकळ्या झटकल्या. तोहिरने आपला कोरडा टी-शर्ट काढून दिला, निवडणुकीत फुकट वाटलेला. त्यावर एका उमेदवाराचा हसरा चेहरा होता आणि तो पाक कस्वादींच्या गुडघ्यांपर्यंत पोचत होता. अशा थाटात ते बावीस वर्षांच्या पापाला भेटायला खड्ड्यात उतरले. तोहिरला वर थांब म्हटलं तर तो ऐकेना. "तुमचे गुडघे बघा आधी. झाकण कोण उचलणार?"

पहार न वापरता दोघांनी बोटांनी माती मोकळी केली. झाकण सरकलं. वरची वाळू ओलसर होती. पाक कस्वादींनी ती ओंजळीने काढली, काठावर टाकली, पुन्हा काढली. त्यांचे ओठ हलत होते. वीतभर खाली गेल्यावर वाळू बोटांतून भुरभुर गळायला लागली. कोरडी. त्यांनी तोहिरकडे बघितलं, तोहिरने त्यांच्याकडे. पाण्याचा आवाज आता अंगणात ऐकू येत होता.

डबा हाताला लागला आणि हातातच राहिला. गंजून त्याचा पापड झाला होता, बोट लावलं की पापुद्रे सुटत. एकेक पापुद्रा त्यांनी बाजूला काढला. आत बरणी होती. उभी. त्यांनी ती उजेडाकडे धरली.

रॉकेल तोंडापर्यंत होतं. तळाशी चार तुकडे, जुन्या साबणाच्या वड्यांसारखे करडे, जसे ठेवले होते तसे. झाकणाभोवती बोटभर जाड, तपकिरी मेणाचं कडं. त्याला एक चीर नव्हती.

पाक कस्वादी मटकन खाली बसले. बरणी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. बावीस वर्षं टांगणीला लागलेला जीव त्या क्षणी भांड्यात पडला. त्यांना रडू येत होतं आणि ते हसत होते, आणि पोटावरचा उमेदवारही हसत होता.

"पाक," तोहिर कुजबुजला, "एवढुसं?"

"एवढुसं."

"मी म्हटलं कमीत कमी बॉम्बएवढं तरी असेल."

"तू पाणी ओतलं असतंस आणि पहारीचा दुसरा घाव बरणीवर बसला असता, तर तुझे डोळे गेले असते, मास. मला माफ कर."

तोहिरने डोळे चोळले, जणू ते आहेत ना याची खात्री करून घेतली. मग म्हणाला, "वर चला आधी. माफी कोरड्या जागी बघू."

व्हरांड्याच्या उंच चौथऱ्यावर, उघड्या वाऱ्यात, पुढचं काम झालं. अल्कोहोल आलं होतं. आसपास विस्तव नको म्हणून राखणदाराची सिगरेट केव्हाच वाळूत खुपसली होती. पाक कस्वादी चिमट्याने एकेक तुकडा धरत, रॉकेलमध्येच सुरीने हरभऱ्याएवढे दाणे कापत, टिपकागदाने टिपत; रोह्यातीबाई एकेक दाणा अल्कोहोलमध्ये सोडत. पाण्यासारखा थयथयाट इथे नाही. दाणा बारीक बुडबुडे सोडत, सुस्कारा टाकत विरघळायचा. एक विरघळला की दुसरा. घाई करायची नाही. अंगणात समुद्र आला, पायऱ्यांना लागला, दोन पायऱ्या चढला आणि तिथेच टेकला. मैदानापलीकडची पोरं घोटाभर पाण्यात उभी राहून बघत होती.

तेवढ्यात नेसलेली लुंगी खोचून, डोक्यावर टॉवेल घेऊन बू मुर्तिनी पाणी तुडवत आली. एका हातात नवऱ्याच्या चपला. तिने टी-शर्ट बघितला, माती बघितली, बरणी बघितली. मग बरणीचं झाकण उचलून नाकाशी नेलं.

"हे माझं मेण आहे!"

"बूने, तू जरा..."

"माझं लासेमचं मेण! आईने बातिकचं कापड रंगवायला दिलेली अख्खी ढेप गायब झाली होती. मी मांजरीला मारलं होतं त्यापायी. तुम्ही चोरलंत?"

"वास येत होता रॉकेलचा," पाक कस्वादी पुटपुटले. "म्हटलं तुझं मेण कापडावर चार उकळ्या सोसतं, इथेही टिकेल. तीन थर दिले होते."

रोह्यातीबाईंनी काम थांबवून मेणाच्या कड्यावरून बोट फिरवलं. "बू, या मेणामुळे आज तोहिर उभा आहे."

बू मुर्तिनीने झाकण खाली ठेवलं. मग म्हणाली, "ते ठीक आहे. पण मांजरीचं काय?" आणि तोहिर जो हसत सुटला तो चौथऱ्यावर उकिडवाच बसला. पाक कस्वादीही हसले. एवढं मोकळं हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

शेवटचा दाणा उरला, तांदळाएवढा. पाक कस्वादींनी तो चिमट्यात धरला आणि बाईंकडे बघितलं. "तू मागितलं होतंस," ते म्हणाले. "अकरावीत."

रोह्यातीबाईंनी सगळ्यांना चार पावलं मागे सारलं, चष्मा डोळ्यांवर घट्ट केला आणि मान हलवली. दाणा पायरीशी टेकलेल्या समुद्रात पडला. फुसफुसत त्याची चंदेरी गोळी झाली, ती वेड्यासारखी इकडून तिकडे धावली, मोगऱ्याच्या एका पाकळीला धडकली, चिमूटभर पिवळी ठिणगी उडाली आणि मिटली. मैदानापलीकडून पोरांचा एकच गलका झाला. बाई मात्र चष्म्याआडून डोळे पुसत होत्या.

"पाटी," पाक कस्वादींनी पुन्हा विषय काढला.

"रंग वाळलाय, पाक. पुसला तर पाटी खराब होईल."

"मी खोटं बोललो, रोह्याती."

"बोललात. शनिवारी सगळ्या पोरांसमोर हे असंच्या असं सांगा, भाताच्या घासासकट. त्यांना तेच जास्त उपयोगी पडेल." मग चष्मा काढत म्हणाल्या, "घाबरलेला माणूस दूर पळतो, पाक. तुम्ही त्याच्या डोक्यावर येऊन बसायचात. फरशी उडाली असती तर सगळ्यात आधी तुम्हीच गेला असता, एवढं रसायनशास्त्र तुम्हाला येत होतं."

पाक कस्वादी रिकामी बरणी पुसायला लागले. तोहिर मात्र टी-शर्ट परत मागत म्हणाला, "मी सांगत नव्हतो? राखणदार आहे म्हणून."

शनिवारी त्यांनी सगळं सांगितलं. पोरं हसली, दोन म्हातारे पालक रागावले, मग सगळ्यांनी पिवळा भात खाल्ला.

पंधरा दिवसांनी पुन्हा मोठी भरती होती. दुपारी अडीचला गटार गुरगुरलं, अंगण भरलं, पाणी उंबऱ्यावरून आत आलं. बू मुर्तिनीने गादी आणि गॅस वर चढवला आणि पाय वर घेऊन बसली. पाक कस्वादी खाटेवर होते. जेवून सहज आडवे झाले होते, ते तसेच. एक हात खाली लोंबत होता आणि पाणी बोटांना लागलं तरी त्यांना पत्ता नव्हता. घोरण्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू जात होता. त्यांच्या चपला तरंगत दारापर्यंत गेल्या, तशा तिने वाकून उचलल्या आणि मांडीवर घेतल्या.

गुडघाभर पाण्यातून तोहिर दाराशी आला. चेहरा काळजीने आक्रसलेला. "बू, पाक कुठेत? भरती आली आणि शाळेत दिसले नाहीत. म्हटलं बरं नाही की काय..."

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि खाटेकडे मान वळवली.

"उठवू नकोस रे," ती हळूच म्हणाली. "बावीस वर्षांची राहिलीय."

तोहिर पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून पाय न उचलता, फरफटत, उलट्या पावली मागे गेला.